इंटरव्ह्यू झाले, वही भरली, आता डेव्हलपरला नेमकं काय द्यायचं?

या महिन्यात तुमच्याकडून आलेले बरेचसे प्रश्न एकाच जागी अडकलेत. ॲप करायच्या आधी लोकांशी बोलून झालंय, रेकॉर्डिंग आहेत, वह्या भरल्यात, आणि आता त्यातून रिक्वायरमेंट (ॲपनं काय करायलाच पाहिजे ते) आणि युज केस (एखादं काम माणूस आणि सिस्टिम मिळून कसं पुरं करतात ते) कसे काढायचे तेच कळत नाही. म्हणून यावेळी बेळगाव, खानापूर, निपाणी इकडचे पाच प्रश्न घेतले. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: ताई नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला. आमचा प्रोजेक्ट म्हणजे गावातल्या दूध डेअरीसाठी ॲप. आम्ही चौघं मिळून १४ जणांशी बोललो, पहाटे डेअरीवर जाऊन बसलो, वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवलेत. गाइड सर म्हणाले आता रिक्वायरमेंट लिहून आणा. आम्ही लिहिलं की ॲप सोपं असावं, मराठीत असावं, फास्ट असावं, दुधाचा आणि पैशाचा हिशोब दिसावा. सरांनी कागद परत दिला, म्हणाले हे कुठल्याही ॲपला चालेल, मग १४ जणांना कशाला भेटलात? आमचं चुकलं कुठं?

सरांनी अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. तुम्ही जे चार मुद्दे लिहिलेत ते डेअरीवर न जाताही लिहिता आले असते, आणि तुमच्या वहीत जे आहे ते यात कुठंच आलेलं नाही. मी ती पानं दोनदा वाचली, फार चांगली आहेत, तेव्हा आधी हे सांगते की कष्ट वाया गेलेले नाहीत.

एका पानावर तुमच्यापैकी कुणीतरी डेअरीवर दूध घालणाऱ्या एका काकींबद्दल, त्यांना मिळणाऱ्या फॅट-दराच्या स्लिपेबद्दल लिहिलंय: "काकी स्लिप घेतात, बघत नाहीत, घडी घालून पिशवीत टाकतात. मुलगी शाळेतून आली की वाचते. पावसात शाई जाते." खाली दुसऱ्या पेनानं: "बिल दहा दिवसांनी येतं. स्लिपा जुळवत नाहीत, निम्म्या गेलेल्या असतात." आणि पुढच्या पानावर काकींचंच वाक्य जसंच्या तसं: "फॅट कमी लागली तर काय विचारूचं, मागनं लाइन असत्या की." हे शेवटचं वाक्य तुमच्या सगळ्या प्रोजेक्टचं मूळ आहे असं मला वाटतं, आणि तुमच्या कागदावर त्याचं झालं काय, तर "हिशोब दिसावा". त्या दोन शब्दांत काकी कुठं राहिल्या सांग.

तुम्ही जे पाहिलंत त्यावरून थेट ॲपमध्ये काय असावं यावर उडी मारलीत. मधे एक पायरी आहे, ती म्हणजे गरज. पाहिलं काय, ते असं का होतंय, त्यामुळं त्या माणसाला नेमकं काय हवंय, आणि मग त्यासाठी आपल्या वस्तूनं काय करायलाच पाहिजे, या क्रमानं जायचं. काकींचंच घे. पाहिलं काय, तर स्लिप बघत नाहीत. का? वाचता येत नाही हे एक कारण, पण वहीत दुसरंही आहे, वाचून उपयोग नाही कारण मागं लाइन आहे आणि डेअरीच्या सेक्रेटरीला चारचौघात विचारायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. मग गरज काय झाली? फॅट नेहमीपेक्षा कमी लागली हे काकींना तिथल्या तिथं कळायला पाहिजे, आणि त्याबद्दल नंतर शांतपणे, हातात काहीतरी पुरावा घेऊन बोलता यायला पाहिजे. बघ, या वाक्यात ॲप हा शब्दच नाहीय. गरजेच्या वाक्यात स्क्रीन, बटण, मेसेज आले की समजायचं आपण उडी मारली.

आता रिक्वायरमेंट. एक अशी होईल: दूध मोजून झालं की लिटर, फॅट आणि दर हे तिन्ही आकडे दूध घालणाऱ्या माणसाला, त्याला वाचता येत नसलं तरी, कॅन उचलायच्या आत कळले पाहिजेत. दुसरी: एका बिलाचे, म्हणजे दहा दिवसांचे सकाळ-संध्याकाळ धरून २० वेळचे आकडे, स्लिप हरवली किंवा भिजली तरी, बिल हातात यायच्या आधी एका जागी मिळाले पाहिजेत. ते बोलून सांगायचे, मोठ्या डिस्प्लेवर दाखवायचे, की पासबुकावर छापून द्यायचे हे अजून ठरवायचं नाही, ते डिझाइनचं काम आणि तिथं तुम्हाला चार पर्याय काढून बघायला जागा राहिली पाहिजे. पण दोन्ही वाक्यं तपासता येतात. काकी डेअरीच्या दारातून बाहेर पडल्या की विचारायचं, आज फॅट किती लागली, आणि त्यांचं उत्तर रजिस्टरशी जुळतं का बघायचं. जुळलं तर रिक्वायरमेंट पुरी झाली, नाही तर नाही. "ॲप सोपं असावं" हे तू कसं तपासणार?

१४ जणांच्या नोंदी एकत्र कशा करायच्या असंही तू पत्राच्या शेवटी विचारलंयस. जुना आणि अजून चालणारा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, शक्यतो त्या माणसाच्याच शब्दांत, कोपऱ्यात नंबर, आणि मग सगळ्या जमिनीवर पसरून एकमेकींशी नातं सांगणाऱ्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या. जिरो कावाकिता नावाचे जपानी अभ्यासक होते, नेपाळमध्ये फिल्डवर्क केलेले, त्यांची ही पद्धत १९६० च्या दशकात पुढं आली, त्यांच्या नावावरूनच तिला केजे पद्धत म्हणतात. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी मथळे ठरवून घेणं. पेमेंट, भाषा, नेटवर्क असे कप्पे करून चिठ्ठ्या त्यात टाकल्यात तर काकींची लाइनची चिठ्ठी कुठल्याच कप्प्यात बसणार नाही आणि "इतर"मध्ये जाऊन पडेल. आधी चिठ्ठ्या जवळ येऊ देत, मग त्या ढिगाला नाव द्या, आणि नाव पण वाक्यात द्या, "चारचौघात विचारता येत नाही" असं. शेवटी प्रत्येक रिक्वायरमेंटपुढं ती कुठल्या चिठ्ठ्यांवरून आली ते नंबर लिहा. उद्या वेळ कमी पडला आणि काहीतरी गाळायची पाळी आली तर कुणाचं काय गाळतोय ते दिसेल, आणि एखाद्या रिक्वायरमेंटपुढं एकही नंबर नसेल तर ती तुमच्या डोक्यातून आलीय एवढं तरी कळेल.

आता युज केस. सॉफ्टवेअरमधे ही कल्पना स्वीडनच्या इव्हार जेकबसन यांनी आणली, एरिक्सनच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून, १९८७ मध्ये त्यांनी ती जाहीर मांडली. साधी गोष्ट आहे: एक माणूस एक काम मनात धरून येतो, ते पुरं होईपर्यंत तो काय करतो आणि सिस्टिम काय करते ते ओळीनं लिहायचं. पुढं ॲलिस्टर कॉकबर्न यांनी ते काम किती मोठं असावं याचा एक चांगला अंदाज दिला, एक माणूस, एक बैठक, साधारण २ ते २० मिनिटं. "लॉगिन करणे" हा युज केस होत नाही, कुणी पहाटे उठून लॉगिन करायला डेअरीवर येत नाही. "सकाळचं दूध घालणे" हा युज केस.

तो साधारण असा लिही. काकी कॅन घेऊन येतात, खातं नंबर सांगतात. सेक्रेटरी नंबर टाकतो, सिस्टिम नाव आणि गाय की म्हैस हे दाखवते, सेक्रेटरी नाव मोठ्यानं वाचतो. दूध काट्यावर, सॅम्पल मशीनमध्ये, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) येतात. सिस्टिम दर काढते, आकडे काकींना कळवते, नोंद ठेवते. काकी कॅन उचलतात. झालं, सहा-सात ओळी, हे कुणालाही जमतं.

खरं काम याच्या खाली आहे, "आणि असं झालं तर" या भागात, आणि तुमची वही इथंच कामाला येते कारण घरबसल्या हे सुचत नाही. वीज गेली आणि मशीन बंद तर? पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी भागात काय होतं हे मी तुला सांगायची गरज नाही, रेंज पण जाते, मग त्या वेळची नोंद कुठं राहणार, आणि वीज आल्यावर सेक्रेटरीनं हातानं भरली तर ती हातानं भरलीय असं काकींना दिसणार का? काकींऐवजी लहान मुलगा कॅन घेऊन आला आणि नंबर चुकीचा सांगितला तर? एकाच घरची गाय आणि म्हैस, कॅन अदलाबदल झाले तर? म्हशीच्या दुधाला सहा-सातची फॅट आणि गाईच्या दुधाला साडेतीन-चारची, चुकीच्या दरानं नोंद झाली तर दहा दिवसांत घरचा बाजार निघेल एवढा फरक पडतो. आणि शेवटचं, जे तुमच्या प्रोजेक्टचा जीव आहे: फॅट रोजच्यापेक्षा कमी लागली तर? इथं तुम्ही लिहायचं की सिस्टिम मागच्या काही दिवसांची सरासरी बघते, फरक जास्त असेल तर सॅम्पल पुन्हा लावायचं का असं सेक्रेटरीला आपणहून विचारते, काकींना विचारावं लागत नाही. लाइनीत कुणाची मान खाली जात नाही आणि सेक्रेटरीवर पण कुणी बोट दाखवलं असं होत नाही, कारण प्रश्न मशीननं विचारला. ही ओळ तुम्ही सरांसमोर ठेवा आणि काकींचं वाक्य शेजारी ठेवा.

प्रश्न: उद्यमबागमध्ये आमची फौंड्री आहे, आयटीचं सगळं मी बघतो. मोल्डिंग शॉपमध्ये, म्हणजे साचे करतात तिथं, रिजेक्शनची (खराब निघालेल्या मालाची) नोंद करायला टॅब दिले, कामगार भरत नाहीत. मी आठवडाभर उभा राहून बघितलं. ते ट्रॉलीवर खडूनं रेषा मारतात आणि शिफ्ट सुटताना सुपरवायझर अंदाजानं टॅब भरतो. व्हेंडर म्हणतोय रिक्वायरमेंट बदलू, दर तासाला एंट्री कंपल्सरी करू, भरल्याशिवाय पुढची स्क्रीनच येणार नाही. मला पटत नाही, पण त्याला उत्तर काय देऊ ते सुचत नाही.

तुम्ही आठवडाभर उभं राहून बघितलंत हे मोठं काम केलंत. उत्तर त्या खडूतच आहे. त्या माणसांनी आपली गरज भागवायला एक वस्तू शोधून काढलीय आणि ती रोज चालतेय, तेव्हा खडूमध्ये काय काय आहे ते आधी लिहून काढा. हातमोजे न काढता वापरता येतो. एका हातानं होतं. रेषा दोन पावलांवरून दिसते, शेजारच्यालाही दिसते. चुकली तर हातानं पुसली जाते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नोंद ट्रॉलीबरोबर फिरते, माणसाजवळ किंवा भिंतीवरच्या टॅबमध्ये अडकून राहत नाही. यातली एकेक गोष्ट म्हणजे एकेक रिक्वायरमेंट आहे. स्टॉपवॉच घेऊन एक रेषा मारायला किती वेळ लागतो मोजा, तो आकडा वेळेच्या रिक्वायरमेंटमध्ये घाला, आणि व्हेंडरला विचारा की तुमची एंट्री याच्या जवळपास जाते का. आयएसओ ९२४१-११ म्हणून स्टँडर्ड आहे, १९९८ चं, २०१८ ला सुधारलं, त्यात वापरण्यातला सोपेपणा हा ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भातच मोजायचा असं स्पष्ट आहे. एसी ऑफिसात बसून डेमोमध्ये दहा सेकंदात भरलेला फॉर्म तुमच्या शॉपमधल्या वाळूत, धुळीत आणि आवाजात तसाच भरला जाईल असं धरायचं काहीच कारण नाही.

कंपल्सरीचं काय होतं ते पण सांगते. माणूस अडला की तो पुढं जाण्यापुरतं काहीतरी भरतो, शून्य भरतो, मागच्या तासाचाच आकडा भरतो. आज तुमच्याकडं अंदाजाचे आकडे आहेत आणि ते अंदाजाचे आहेत हे तुम्हाला माहीत आहे. उद्या तासातासाचे खोटे आकडे येतील आणि ते खरे वाटतील, हे जास्त वाईट.

पण मला तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट खटकली. टॅबवर कारण निवडायला ब्लो होल (हवेमुळं धातूत पडलेलं भोक), क्रॅक, वाळू शिरली अशी यादी आहे असं तुम्ही लिहिलंय. मोल्डिंगवाल्याला ते कळणार कधी? साचा मोडला, बॉक्स नीट बसला नाही, एवढंच त्याला दिसतं. ब्लो होल दिसतो तो कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, साच्यातून बाहेर काढून साफ झाल्यावर फेटलिंगला (तो घासून साफ करतात तिथं), कधीकधी तर मशीनिंगला जाऊन. म्हणजे युज केसमध्ये माणूसच चुकीचा धरलाय. "रिजेक्शन नोंदवणे" हा एक युज केस नाही, हे किमान दोन आहेत: मोल्डिंगवाला मोडलेले साचे मोजतो आणि फेटलिंगवाला कास्टिंगमधला दोष नोंदवतो, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे हीट नंबर (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूचा नंबर). व्हेंडरला उत्तर द्यायचं तर हे द्या, की ज्याला जे माहीतच नाही ते त्याच्याकडून कंपल्सरी करून मिळणार नाही. आणि एक दिवस फेटलिंगला उभे राहून या, तिथं कुठं खडू आहे का बघा.

प्रश्न: पर्सोना, युजर स्टोरी, युज केस, सिनॅरिओ हे सगळं एकच आहे का? प्रत्येक जण वेगळं सांगतो. रिसर्चला किमान किती लोक लागतात ते पण सांगा, कुठंतरी पाच पुरे असं वाचलं. — टिळकवाडी, बेळगाव

एक नाहीत, पण घाबरायचं पण कारण नाही. पर्सोना म्हणजे माणूस, तुम्ही भेटलेल्या सात-आठ जणांमध्ये सारखं काय होतं त्यावरून उभा केलेला, ही पद्धत ॲलन कूपर यांनी १९९० च्या दशकात रुळवली. सिनॅरिओ म्हणजे त्या माणसाची एका दिवसाची गोष्ट. युजर स्टोरी म्हणजे एका ओळीत कोणाला, काय, कशासाठी हवंय ते, चर्चेला सुरुवात म्हणून. आणि युज केस म्हणजे तेच काम पायरी-पायरीनं, बिघडलेल्या वाटांसकट. टीम लहान असेल, रोज एकत्र बसत असेल तर स्टोरी आणि समोरासमोर बोलणं पुरतं, पण डेव्हलपर पुण्यात आणि तुम्ही बेळगावात, फोनवर सगळं, असं असेल तर युज केस लिहाच, कारण बिघडलेल्या वाटा फोनवर कुणी विचारत नाही.

पाचचं म्हणाल तर ते याकोब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांच्या १९९३ च्या कामावरून आलंय. एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास सापडतात असा तो हिशोब. पण ते तयार डिझाइन वापरून बघतानाचं गणित आहे, एका प्रकारच्या लोकांसाठी. गरज समजून घ्यायच्या मुलाखतींना ते लावू नका. तिथं नवीन चिठ्ठ्या यायच्या थांबेपर्यंत भेटायचं.

प्रश्न: आम्ही बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीसाठी मोबाइल ॲप करतोय. ज्यांना भेटलो ते जवळजवळ सगळे म्हणाले "मराठीत पाहिजे". रिक्वायरमेंटमध्ये "मराठी भाषेचा पर्याय असावा" असं लिहिलं. एवढं पुरे ना?

नाही पुरत, आणि हे मी स्वतः चुकून शिकलेय. काही वर्षांपूर्वी अशाच एका कर्जाच्या ॲपचं काम माझ्याकडं होतं, मी हेच वाक्य लिहिलं, पुढं ते भाषांतर करणाऱ्याकडं गेलं, आणि स्क्रीनवर आलं "उपलब्ध शिल्लक", "देय दिनांक", "प्रलंबित". गणपत गल्लीत एका दुकानदार काकांच्या हातात फोन दिला, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "ह्यातनं मला बॅलन्स कुठं कळणार? ते इंग्लिश करून द्या बघू." मराठी पाहिजे म्हणणाऱ्या माणसानं इंग्रजी मागून घेतलं. मला फार लागलं ते, कारण त्यांनी आधी मनापासून सांगितलेलं होतं आणि मी फक्त शब्द उचलला होता.

"मराठीत पाहिजे" हे ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुठल्या वेळी अडलं होतं तुमचं? आपल्या भागात, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी भागात, याची उत्तरं महाराष्ट्रातल्यासारखी येत नाहीत. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, फोन इंग्रजीत, आणि टाइप करताना मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. जमिनीच्या कागदाला ऑफिसात पहाणी म्हणतात, घरी उतारा म्हणतात. आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत, सोसायटीच्या जुन्या रजिस्टरात मराठीत, आणि तिन्हीकडं आडनावाचं स्पेलिंग वेगळं. म्हणजे तुमच्या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गरजा दडल्यात. स्क्रीनवरचे शब्द काउंटरवर बोलले जातात तेच असले पाहिजेत, बॅलन्स म्हणत असतील तर बॅलन्स, हप्ता म्हणत असतील तर हप्ता. शोधताना नाव मराठीत लिहिलं की इंग्रजी अक्षरांत लिहिलं, दोन्हीनं तोच सभासद सापडला पाहिजे. दोन कागदांवरचं नाव थोडं वेगळं असलं तर अर्ज रद्द न होता माणसाकडं तपासायला गेला पाहिजे. आणि कन्नड कागदाचा फोटो अपलोड करताना त्यातलं काय कुठं बघायचं ते सभासदाला मराठीत सांगितलं पाहिजे. चौथी मला सगळ्यात जवळची वाटते, पण तुमच्या सभासदांना ती आहे का ते तुमच्या नोंदी बघून ठरवा, माझ्या सांगण्यावरून नको. आणि हो, मराठी बोलणाऱ्या सभासदांशिवाय कन्नड बोलणारेही असतीलच ना सोसायटीत, त्यांना भेटलात का?

प्रश्न: मी निपाणीत विडी कामगार महिलांच्या बचत गटांबरोबर काम करते. हिशोबाच्या ॲपसाठी बायकांशी बोलले. त्यातल्या तिघींनी, वेगवेगळं बसून, सांगितलं की माझी शिल्लक किती ते घरी कळता कामा नये. डेव्हलपर म्हणतो ही रिक्वायरमेंट होत नाही, पासवर्ड आहेच. रिपोर्टमध्ये लिहू का नको? लिहिलं तर कुणी सांगितलं ते बाहेर पडेल याची मला भीती वाटते ताई.

लिहा. ही तुमच्या रिसर्चमधली सगळ्यात जड गोष्ट आहे आणि ती वगळून ॲप झालं तर ते त्या बायकांच्या विरोधात जाईल, कुणाच्या मनात नसलं तरी.

पासवर्ड आहेच असं डेव्हलपर म्हणतो कारण त्याच्या डोळ्यापुढं एक फोन, एक माणूस आहे. तुम्ही लिहिलंय की फोन बहुतेक घरी नवऱ्याचा किंवा मुलाचा, आणि फोन उघडायचा पॅटर्न सगळ्या घराला माहीत. मग त्याला एक वेगळा युज केस लिहून दाखवा, ज्यातला माणूस वापरणारी बाई नाही. घरातला कुणीतरी फोन हातात घेतो. बंद स्क्रीनवर मेसेज आलाय, "तुमच्या खात्यात अमुक रुपये जमा, एकूण शिल्लक इतकी". तो वाचतो. पासवर्ड कुठंच मधे आला नाही. सिस्टिमला नको असलेल्या माणसाचा युज केस लिहायची ही पद्धत सुरक्षेच्या कामात रुळलेली आहे, नॉर्वेच्या दोन संशोधकांनी २००० च्या सुमारास तिला नाव दिलं, मिसयुज केस. आणि रिक्वायरमेंट नकारात लिहिता येते, त्यात काही चूक नाही: सभासदानं स्वतः त्या वेळी मागितल्याशिवाय रक्कम किंवा शिल्लक कुठल्याही मेसेजमध्ये, नोटिफिकेशनमध्ये किंवा ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर येता कामा नये. ॲप नसलेल्या किंवा फोन नसलेल्या सभासदाला तिचा हिशोब गटाच्या मीटिंगमध्ये, गटाच्या फोनवर बघता आला पाहिजे. दोन्ही तपासता येतात, फोन टेबलावर ठेवा, पैसे जमा करा, स्क्रीनवर काय येतं बघा. मग डेव्हलपरला ही रिक्वायरमेंट होत नाही असं म्हणता येणार नाही.

याची दुसरी बाजू पण सोडू नका. सभासद बाईच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना, म्हणजे निदान तिनं नेमलेल्या माणसाला, हे पैसे आहेत हे कळलं पाहिजे, नाहीतर तिनं लपवून जपलेलं तिच्या मुलांना मिळणारच नाही. तो पण एक युज केस, आणि तो अवघड आहे, कारण वारसाचं नाव कुणाचं लावायचं हे तिला कधी आणि कसं विचारणार?

नावाचं म्हणाल तर रिपोर्टमध्ये "तीन सभासद" एवढंसुद्धा नको, "काही सभासद" लिहा. गटाचं नाव, गल्ली, दिवसाला किती हजार विड्या वळते, मुलं किती, हे काही नको, निपाणीत एवढ्यावरून माणूस ओळखतात. रेकॉर्डिंग डेव्हलपरला देऊ नका, तुमच्या चिठ्ठ्या पण त्या विषयापुरत्या तुमच्याकडंच ठेवा. आणि रिपोर्ट पाठवायच्या आधी तुम्ही लिहिलेलं वाक्य त्या तिघींना वाचून दाखवा, हे असं लिहिलं तर चालेल का विचारा, एखादीनं नको म्हटलं तर शब्द बदला, वारसाचा प्रश्न पण तेव्हाच विचारा. फक्त मीटिंग संपल्यावर एकेकीला थांबवून विचारा, तिघींना एकत्र नको, त्या तुमच्याशी वेगवेगळ्या बसून बोलल्यात आणि दुसरीनं काय सांगितलं ते त्यांना अजून माहीत नाही.